तीन जागांचं वाचनालय

दोन हजार चौदा साली हे घडलं. साल पक्कं सांगता येतं, कारण त्याच वर्षी कॉलेजनं छापील नियतकालिकं निम्म्यावर आणली आणि त्यांच्या बदल्यात एका कंपनीचं डिजिटल ग्रंथालय वर्षाच्या वर्गणीवर घेतलं. सराव पाठांचे दिवस होते. कॉलेज शिक्षक घडवणारं. सराव पाठ सुरू झाले की सगळी मुलंमुली शहरातल्या शाळाशाळांतून शिकवायला पांगत आणि वाचनकक्ष ओस पडे. त्या सकाळी फरशी नुकतीच पुसून झाली होती, ओल्या फरशीत खुर्च्यांचे पाय उलटे दिसत होते. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना एक लेख हवा होता. तो काढायला ग्रंथपाल आपल्या टेबलाशी बसली, तिनं कंपनीचं पान उघडलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: सर्व जागा भरलेल्या आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. तिनं मान वर करून पाहिलं. लांबच लांब टेबलं, खुर्च्यांच्या रांगा, खिडकीतून आत आलेला उन्हाचा पट्टा. चिटपाखरू नव्हतं. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. त्या रिकाम्या खोलीत आपल्याला न दिसणारी माणसं बसली आहेत आणि आपण एकटीच त्यांच्यात उभी आहोत, असं काहीतरी तिच्या अंगावरून सरकून गेलं. ती खरोखरच उभी राहिली होती. कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

उठायची सवय जुनी. लहानपणी घरात भावंडं पाच आणि खुर्च्या दोन, त्यातली एक वडिलांची. वाचायचं तर जिन्यात बसायचं, आणि जिन्यात बसलं की येणारा-जाणारा म्हणणार, ऊठ गं जरा. पाण्याची बादली आली, ऊठ. शेजारच्या काकू चढायला लागल्या, ऊठ. पुस्तकातला माणूस ऐन संकटात सापडायचा आणि ही भिंतीला पाठ लावून उभी. सतराव्या वर्षी ती या कॉलेजच्या वाचनकक्षात पहिल्यांदा आली, तेव्हा दाराशीच घुटमळली. आत एक उंच, सडसडीत बाई कार्डांच्या खणावर वाकल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" भेदरून तिच्या तोंडून निघालं, "कुणाची नाही. वाचायला आलेय." बाईंनी तेव्हा मान वर केली. "मग बस की. उभ्यानं कुणी वाचतं का?" त्या दिवशी ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली आणि दिवे लागेपर्यंत तिला कुणीही ऊठ म्हटलं नाही. त्या एका संध्याकाळसाठी ती आयुष्यभर तिथे राहिली, असं म्हटलं तरी चालेल. आधी वाचक, मग बाईंच्या हाताखाली, मग बाईंच्या जागी. कॉलेजात सगळे तिला धाकट्या बाई म्हणत. छप्पन्न वर्षांची, केस पांढरे, दोन वर्षांत निवृत्त होणार, तरी धाकटीच. कारण आधीच्या त्या मोठ्या बाई, आणि नोकरी सोडून गेल्या तरी त्यांचं मोठेपण काही जागचं हललं नव्हतं.

वर्गणी ठरली तेव्हाच तिला ते रुचलं नव्हतं. कंपनीच्या तीन पातळ्या होत्या. खालच्या पातळीत एका वेळी तिघं वाचू शकत, मधलीत पंधरा, वरचीत कितीही. शिवाय खालच्या पातळीत सभासद फक्त कॉलेजचे. बाहेरची माणसं चालायची ती मधल्या पातळीपासून वर. "तिघं?" ती प्राचार्यांना म्हणाली होती. "सर, आपल्या जिन्यात याहून जास्त मुलं बसतात." "बसतात, वाचत नाहीत," प्राचार्य म्हणाले. "आपली मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी ग्रंथालयाचा पत्ता विचारतात. तीन पुष्कळ झाले." तीन तर तीन. तिनं मुकाट्यानं विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सभासद क्रमांक दिले, आणि शिक्षकांच्या शेवटी आणखी एक क्रमांक जोडला, मोठ्या बाईंचा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मोठ्या बाईंना छापील अक्षर लागत नव्हतं. टॅबलेटवर अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. पंचवीस वर्षं जिनं ग्रंथालय सांभाळलं ती बाहेरची कशी? असा तिचा साधा हिशेब.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"अभिनंदन मॅडम! तुमच्या सगळ्या जागा वापरात आहेत."

"अभिनंदन कसलं घेऊन बसलीस बाई, इथे मी आणि पंखा, दोघंच आहोत."

"वाचक घरूनही येतात ना मॅडम, तीच तर सोय आहे. आणि गेल्या महिन्यात तुमच्याकडे चारशेच्या वर नकार नोंदलेत. म्हणजे वाचक दाराशी येऊन परत गेलेत. मधली पातळी घेतलीत तर…"

"ते राहू दे. आत्ता आत कोण बसलंय?"

"नाव सांगता येत नाही मॅडम. पण हे जरा गमतीचं आहे. तिन्ही जागांवर एकच सभासद क्रमांक आहे. तीन वेगवेगळी यंत्रं. आणि एक जागा तर नऊ दिवस झाले, सोडलेलीच नाही."

"नऊ दिवस कोण वाचेल सलग?"

"वाचत नाहीयेत बहुतेक. पान तेच आहे. नऊ दिवस एकच पान."

क्रमांक विचारण्याआधीच तिला कळला होता, मोठ्या बाईंचा. मुलीनं सांगितला तेव्हा तिनं फक्त "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. नऊ दिवस एकच पान. मोठ्या बाईंचं वय एकोणऐंशी. त्यांच्याजवळ राहणारा भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा, कामासाठी आठ-आठ दिवस बाहेर असायचा. शिपायाला "आलेच मी" म्हणून ती निघाली, ती ग्रंथालयातल्या मऊ सपातांसकट. बसमध्ये एका बाईनं सरकून जागा दिली, पण ती दांड्याला धरून उभीच राहिली. बसणं शक्यच नव्हतं. डोळ्यांपुढे एक उजळलेला पडदा, त्यावर ठसठशीत अक्षरं, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत मान कललेल्या मोठ्या बाई. मग दुसऱ्या क्षणी त्याच मोठ्या बाई, चाळिशीच्या, ताठ, तिच्या पहिल्या दिवशी तिच्यावर खेकसणाऱ्या. तिनं वाचून झालेलं पुस्तक शहाण्यासारखं कपाटात परत लावलं होतं. "कुणी सांगितलं तुला हात लावायला? चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यात जमा. वाचून झालं की टेबलावर सोडायचं आणि उठायचं. जागेवर ठेवणं आमचं काम." ग्रंथालयाची ती रीतच होती. संध्याकाळी टेबलांवर सुटलेली पुस्तकं गोळा करताना मोठ्या बाईंना दिवसभराचं शहर वाचता यायचं. कुणाला कसली काळजी लागलीय, कुणाचं कुठे अडलंय. बस एका वळणावर कचकन थांबली आणि तिच्या मनात आलं, की बाई गेल्या असतील तर आपण त्यांच्याशी शेवटचं काय बोललो होतो? वीजबिलाबद्दल काहीतरी.

दार भाच्यानं उघडलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर. तिचा चेहरा पाहून तोच घाबरला. "बाईंना काय झालंय?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आत्याला काय झालंय? काही नाही! चहात साखर कमी पडली म्हणून सकाळपासून माझी चंपी चाललीय. या आत."

"कोण आलंय?" आतून आवाज आला. आणि मग, "काय गं, भर कामाच्या वेळेत ग्रंथालय उघडं टाकून आलीस? हे शिकवलं मी तुला?"

धाकटी मटकन खाली बसली. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, शाल खांद्यावर. शेजारच्या तिवईवर टॅबलेट उजळलेला. जेवणाच्या टेबलावर भाच्याचा जुना लॅपटॉप उजळलेला. पलंगाच्या उशाशी आणखी एक जुना टॅबलेट, तोही. तिन्हींवर एकच पुस्तक, पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं, आणि तिन्हींवर पहिलंच पान.

"घरभर वायरी," भाचा म्हणाला. "चार्जिंगला लावायला उचललं की ओरडतात, टेबलावरच्या पुस्तकाला हात लावू नको म्हणून. लिफ्टचं दार उघडं धरून गप्पा मारत उभी राहतात ना माणसं, तशी गत आहे आमच्या आत्याची. वरचे-खालचे सगळे बटण दाबून थकतात! आणि एवढ्यावर भागत नाही. गॅलरीत बसल्या की माझा मोबाइल मागतात. त्याच्यावर काही ते उघडत नाही, मग माझ्यावरच राग. दिवसातून पंधरा-वीसदा."

हे तिनं ऐकलं, पण तिच्या कानांवरून गेलं. ती मोठ्या बाईंच्या शेजारी बसून त्यांना कोपऱ्यातलं बाहेर पडायचं बटण दाखवत होती. बाईंनी ते बोटानं दोनदा दाबून पाहिलं.

"म्हणजे पुस्तक मी परत ठेवायचं? वाचकानं?"

"हो बाई. आता तसं आहे."

"कलियुग आहे," बाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि तिला वाटलं, झालं, एवढंच होतं. निघताना सहज विचारायचं म्हणून तिनं विचारलं, पुस्तक कसं आहे? मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. एक छोटा पक्षी, त्या सांगू लागल्या, मुठीत मावेल एवढा, पहिल्यांदा निघतो तेव्हा त्याला वाट कुणी दाखवलेली नसते. आई-बाप आधीच गेलेले असतात. तरी तो बरोबर पोचतो. कसं सांगितलं त्यांनी ते! शब्द शब्द निवडून, जुन्या दिवसांसारखं. मग त्या थांबल्या. खिडकीबाहेर पाहिलं. आणि म्हणाल्या, "आत्ताच घेतलंय गं, एक पान झालंय. एक छोटा पक्षी आहे, मुठीत मावेल एवढा…" त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी श्वास घेत, शेवटपर्यंत. भाचा स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच सगळं सांगून गेलं. बाई खोलीतून खोलीत जात होत्या, आणि प्रत्येक खोलीत पुस्तक नव्यानं उघडत होत्या. पुढचं पान नव्हतंच. पण पुस्तक उघडं होतं, म्हणून त्या वाचक होत्या.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याला भिंग तसंच ठेवून म्हणाला, "मग काय बिघडलं? कुठल्या तरी कागदावर तीन माणसं लिहिलीयत म्हणून जगात तीनच वाचणार का?" "अरे, पण बाकीची मुलं दारातून परत जातायत. चारशे वेळा." "मोठी जागा घ्या म्हणावं तुझ्या सरांना." सर तेच म्हणत होते. नकारांचा आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्यांना तो आवडला होता. "आपली मुलं वाचतात!" ते सगळ्यांना सांगत सुटले होते. संचालक मंडळाच्या बैठकीत मधल्या पातळीचा विषय येणार होता. फक्त जाता जाता त्यांनी विचारलं, "जागा कुणी अडवून तर बसलेलं नाही ना?" आणि ती म्हणाली, "बघते." त्या एका शब्दानं तिला रात्रभर टोचलं. आठवडाभर ती रोज कॉलेज सुटल्यावर मोठ्या बाईंकडे जाऊन पुस्तकं बंद करून येई, आणि सकाळी तिन्ही जागा पुन्हा भरलेल्या असत. मानसशास्त्राचे प्राध्यापक भेटतील त्याला गाऱ्हाणं सांगत होते. वाचनकक्षात एखादी मुलगी संगणकापुढे बसून उठली की हिच्या मनात येई: आपण तिला उठवलं. जिन्यातून उठवावं तसं.

मग एका संध्याकाळी मोठ्या बाईंचं डोकं लख्ख होतं. असं अधूनमधून होई. त्यांनी तिला पाहिल्याबरोबर म्हटलं, "तू रोज येतेस. का?" ती टॅबलेटची वायर गुंडाळू लागली. "माझ्यामुळे कुणी बाहेर उभं आहे का?"

"छे, कुणी नाही."

"तुला खोटं कधी जमलंच नाही. किती जण?"

तिनं सांगायला नको होतं. पण समोर त्या ताठ बसल्या होत्या, कामाच्या दिवसांतल्यासारख्या, आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायची तिला पस्तीस वर्षांची सवय. "नोंद चारशेची आहे," ती म्हणाली.

"चारशे मुलं?" बाईंचा हात शालीत गेला. याच बाईंनी एकदा संस्थापकांच्या सख्ख्या भावाला परीक्षेच्या दिवसांत खुर्चीवरून उठवलं होतं. साहेब, तुम्ही झोपा घरी, इथे मुलाला बसायचंय. "काढ माझं नाव," त्या म्हणाल्या. "आत्ता नको, उद्या ऑफिसात रीतसर काढ. आणि मला विचारू नकोस पुन्हा. उद्या मी वेगळं सांगेन."

तिनं रीतसर काढलं. यंत्रानं कारण विचारलं, तिनं खरं तेच निवडलं: संस्थेबाहेरील व्यक्ती. यंत्रानं विचारलं, खात्री आहे? तिनं बोट ठेवलं. वाचनकक्षातल्या ट्यूबलाइटचा बारीक गुणगुणाट एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"अगं, माझं पुस्तक उघडत नाहीये."

"बाई, तुम्हीच नाव काढायला सांगितलंत. परवा."

पलीकडून अगदी लहान झालेला आवाज, "मी? मी असं सांगेन?" त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच, तोच प्रश्न, तोच लहान आवाज. रोज नव्यानं तिनं त्यांना दारातून बाहेर काढायचं, आणि रोज त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. चौथ्या दिवशी फोन उचलताना तिच्या तोंडून आपसूक निघालं, "आज सुट्टी आहे बाई. ग्रंथालय बंद आहे."

"सुट्टी? कसली?"

"रंग लावतायत भिंतींना."

"बरं बरं. खिडक्या उघड्या ठेवायला सांग, वास पुस्तकांत बसतो." आवाज नेहमीचा, ठणठणीत. त्यानंतर रोज सुट्टी. कधी वीज गेलेली, कधी पाण्याचा नळ फुटलेला, कधी साहेबांचा दौरा. जिनं घरचं मर्तिक असतानाही ग्रंथालयाला कधी कुलूप लावलं नव्हतं, तिच्यासाठी धाकटीनं ते महिनाभर बंद ठेवलं. वाचनकक्षात मुलं बसलेली असत. ती तोंडावर हात धरून, भिंतीकडे वळून हळू आवाजात सांगे, बंद आहे.

महिन्याचा अहवाल आला. नकार, एकही नाही. आणि तिन्ही जागा दिवसाचे दिवस रिकाम्या. तिनं आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, मग कंपनीत फोन केला. तीच मुलगी. "मागे तू सांगितलेले ते चारशे नकार कुणाकुणाचे होते ते बघता येईल?" "एक मिनिट हं मॅडम… अरे! दोन-चार सोडले तर सगळे त्याच क्रमांकाचे आहेत. तिन्ही जागा त्यांच्याच, आणि चौथ्या यंत्रावरून त्याच परत परत प्रयत्न करत होत्या." गॅलरी. भाच्याचा मोबाइल. दिवसातून पंधरा-वीसदा. चारशे मुलं कधीच नव्हती. दाराबाहेर मोठ्या बाईच उभ्या होत्या, आतल्या मोठ्या बाई उठायची वाट पाहत. आणि त्या बाहेरच्यांना जागा मिळावी म्हणून आतल्यांनी नाव काढायला सांगितलं होतं. "तो क्रमांक परत सुरू करता येईल का?" "बाहेरच्या व्यक्ती म्हणून तुम्हीच नोंद केलीय ना मॅडम. मधल्या पातळीत बसतील त्या. ती घेताय का?" ती प्राचार्यांच्या खोलीत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे काहीतरी मागितलं. "मधली पातळी?" ते म्हणाले. त्यांच्यापुढे तोच अहवाल होता, आणि ते दुखावल्यासारखे दिसत होते. "अहो धाकट्या बाई, तिघंही वाचत नाहीत, आणि पंधरा कशाला? होते कुठे ते सगळे वाचक?" याचं उत्तर तिच्याजवळ होतं. ते दिलं नाही. काय सांगायचं, की तुम्हाला ज्यांचा अभिमान वाटत होता ती सगळी एकच म्हातारी होती?

त्याच संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. ती भिंतीकडे वळली. आज कुठलं कारण सांगावं ते तिला सुचत नव्हतं. पण त्याआधीच पलीकडून आवाज आला, शांत, समजूत घातल्यासारखा. "आज सुट्टी असेल ना गं? वाटलंच मला." आणि फोन ठेवल्याचा आवाज. त्यांना ते खरंच वाटत होतं, की त्या तिला सोडवत होत्या, हे तिला पुढे कधीच कळलं नाही. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही.

मोठ्या बाई पुढच्या वर्षी गेल्या, भाच्याच्या घरी, दुपारच्या झोपेत. भाच्यानं तिन्ही यंत्रं पुसून कुणाकुणाला देऊन टाकली; तो अजून लिफ्ट दुरुस्त करतो आणि आत्याचे किस्से हसत सांगतो, पण गॅलरीत बसत नाही. प्राचार्यांनी दुसऱ्या वर्षी वर्गणी बंद केली, मग निवृत्त होऊन शिकवणीवर्ग काढला. तो छान चालतो म्हणतात. कंपनीतल्या त्या मुलीचा पुन्हा फोन आला नाही. कंपनीच एका मोठ्या कंपनीनं गिळली आणि पातळ्या गेल्या. कॉलेजनं पुढे वर्गणी पुन्हा सुरू केली; आता ठरावीक रक्कम भरली की वाचणारे किती आणि कुठले, हे कुणी विचारत नाही. धाकटीच्या नवऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं दुकान बंद केलं. आणि धाकटी निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागी आलेल्या मुलीनं तिला आपण होऊन सभासद क्रमांक दिला. दुपारी जेवणं आटोपली की ती टॅबलेट घेऊन बसते. आत तिच्याबरोबर किती जण आहेत ते दिसत नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही, कुणी ऊठ म्हणत नाही. वाचता वाचता कधी कधी ती एखाद्या पानाच्या मध्यावर थांबते. हे पान आपण आधी वाचलंय की नाही, ते तिला आठवत नाही. मग ती वरून पुन्हा सुरुवात करते, आणि कुणाला सांगत नाही.